कॉफीच्या टाकीचं पाणी

खर्डी स्टेशनच्या मागची भातखाचरं संपली की रस्ता चढायला लागतो. त्या चढाच्या पायथ्याशी मुंबईकरांचे दहा-बारा बंगले आहेत, आणि तिथून वर, अर्ध्या तासाच्या वाटेवर, ठाकरांची वाडी. भिमी त्या वाडीची. बंगल्यांच्या रांगेतल्या शेवटच्या घरात, सरस्वतीबाईंकडे, ती नऊ वर्षांपासून कामाला येते.

वय विचारलं तर ती सांगते, काजल झाली तेव्हा मी विशीची असेन. काजल तिची एकुलती एक मुलगी, आता शहापूरला नर्सिंग शिकते. म्हणजे भिमी चाळिशीच्या आसपास. अंगानं बारीक, चालणं भरभर, बोलणं मात्र कामापुरतं. नवरा नवसू भाताची दोन खाचरं कसतो आणि दिवाळी झाली की गवत कापायला जातो. भिमीचं माहेर मुरबाडकडचं, म्हसा गावाजवळच्या पाड्यावरचं. दुसरीपर्यंत शाळेत गेली, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिली. तेव्हा डोक्यावर हंडा आला, तो काही उतरला नाही.

लग्न होऊन सासरी आली तेव्हा वाडीतल्या बायकांनी तिला पहिल्याच दिवशी विहिरीवर नेलं. संध्याकाळी सासूनं विचारलं, आमचं पाणी कसं वाटलं? भिमी म्हणाली, गोड आहे, पण उंबराच्या अंगाकडून येतं ते जास्त गोड आहे. विहिरीला दोन झरे आहेत हे नव्या सुनेला कुणी सांगितलेलं नव्हतं. सासूनं ही गोष्ट वाडीभर केली. पुढे पावसाळ्यात पाणी गढूळ झालं, की कुठलं भरावं हे बायका भिमीला विचारू लागल्या. ती ओंजळीत घेऊन एक घोट तोंडात फिरवायची आणि थुंकून सांगायची, आज वहाळाच्या अंगाचं नको, उद्या बघू.

सरस्वतीबाई मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. ट्रेनिंग हुबळीला झालं होतं आणि तिथेच फिल्टर कॉफीची सवय लागली होती. ती त्यांनी चाळीस वर्षं, तीन बदल्या आणि एक संसार यांतून सांभाळून आणली. निवृत्त झाल्यावर नवरा-बायकोंनी खर्डीला दोन खोल्यांचं घर बांधलं. नवरा दोनच वर्षं राहिला तिथे आणि गेला. मुलगी सारिका पुण्याला. आईनं पुण्याला यावं असा तिचा आग्रह, आणि आईचा नकार. मग सकाळी येऊन दुपारपर्यंत राहील अशी बाई हवी म्हणून भिमीला विचारणं झालं.

पहिली तीन वर्षं सगळं नीट चाललं. सरस्वतीबाईंना शिस्त प्रिय होती आणि भिमीला काम एकदाच सांगावं लागायचं. दोघींचं बोलणं फार होत नसे. एक मात्र रोजचं होतं. सरस्वतीबाई कॉफी स्वतः करत. पितळी फिल्टरात पावडर दाबायची, वरून कडकडीत पाणी ओतायचं, अर्क खाली उतरेपर्यंत पेपर वाचायचा. त्या कामाला त्या भिमीला हात लावू देत नसत.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी उजवा, नंतर दोन्ही. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या. पेपर हातात धरला की कागद वाजायचा, म्हणून त्या तो टेबलावर पसरून वाचू लागल्या. एका सकाळी उकळत्या पाण्याचं पातेलं त्यांच्या हातून कललं आणि सगळं पाणी डाव्या पायावर पडलं. भिमी त्या वेळी अंगण झाडत होती. आवाज ऐकून ती धावत आत आली, तर सरस्वतीबाई ओट्याला धरून उभ्या होत्या. भिमीनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पाय बादलीतल्या गार पाण्यात धरला. भाजल्यावर काय करायचं ते मेट्रनबाईंना चांगलं ठाऊक होतं, पण त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत. पाय बरा व्हायला महिना लागला.

सारिकानं पुण्याहून कॉफीचं मशीन पाठवलं ते त्यानंतर. विजेवर चालणारं, गॅसपाशी उभं राहायला नको. मागच्या बाजूला पाण्याची एक पारदर्शक टाकी, ती उचलून नळाखाली धरायची, भरायची आणि परत जागेवर बसवायची. चाळणीत कागद, कागदात पावडर, एक बटण. पाच मिनिटांत कॉफी खालच्या भांड्यात. पण भरलेली टाकी दीड लिटरची. सरस्वतीबाईंनी पहिल्या दिवशी ती उचलली आणि अर्धं पाणी ओट्यावर, अर्धं साडीवर सांडलं. म्हणून सारिकानं व्हिडिओ कॉलवर भिमीला शिकवायला घेतलं.

भिमी मशीनपुढे हात पदराखाली घेऊन उभी राहिली होती. सारिका सांगत होती: पाणी गारच घालायचं, गरम नाही. दूध तर मुळीच नाही. वरच्या रेघेच्या पुढे भरायचं नाही, नाहीतर मशीनच्या पोटात उतरेल. खालच्या रेघेपेक्षा कमी असेल तर बटण दाबायचं नाही. रेघांशेजारी इंग्रजी अक्षरं होती. दोन्हीकडे सुरुवातीला सारखंच अक्षर, दोन डोंगर जोडून काढल्यासारखं. भिमीनं ते बोटानं चाचपलं आणि शेवटच्या अक्षराकडे बघितलं. फुली असलेली रेघ वरची, हे तिनं मनाशी धरलं. टाकी जागेवर बसली की बुडाची झडप टक् करून वाजते. तो आवाज आला नाही तर बटणाला हात लावायचा नाही, हेही तिला दोनच दिवसांत कळलं.

पुढची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. रोज सकाळी आल्याआल्या ती टाकी काढायची, कालचं उरलेलं पाणी कढीपत्त्याच्या मुळाशी ओतायची, आत हात घालून टाकी सगळीकडून चोळायची आणि फडक्यावर उपडी घालून खिडकीतल्या उन्हात ठेवायची. घर झाडून होईपर्यंत टाकी कोरडी व्हायची, मग नवं पाणी. सरस्वतीबाईंनी आठवडाभर बघितलं आणि विचारलं, रोज कशाला? भिमीनं सांगितलं, शिळं पाणी आमी पीत नाय. हंडा रोज घासतो तशी ही पण घासायची, नाहीतर आतून बुळबुळीत होती. जन्मभर वॉर्डातल्या बायकांना स्वच्छता शिकवत आलेल्या सरस्वतीबाईंना हे फार आवडलं. सारिकाला त्यांनी फोनवर सांगितलंसुद्धा. सारिका म्हणाली, आई, आठवड्यातून एकदा धुतली तरी चालते.

दुसरी एक गोष्ट भिमीनं त्याच दिवसांत सांगितली होती. बोअरचं पाणी टाकीत भरताना ती म्हणाली होती, बाई, ह्या पाण्यात डाळ गळत नाय, हे मशिनीला नाय मानवायचं. सरस्वतीबाई म्हणाल्या होत्या, अगं, फिल्टरचं आहे ते. भिमीनं टाकी जागेवर बसवली.

आठ-नऊ महिने मशीन चांगलं चाललं. मग हळूहळू ते जास्त वेळ घेऊ लागलं. घोरल्यासारखा आवाज करायचं, वाफ सोडायचं, कॉफी कोमट यायची. मार्चच्या एका शनिवारी बटण दाबलं तर लाल दिवा लागला आणि टाकीतलं पाणी तसंच राहिलं. नेमकी त्या दिवशी सारिका आलेली होती. तिनं टाकी काढली, बसवली, पुन्हा काढली. पहाटेच निघून गाडी चालवत आल्यानं ती दमलेली होती आणि आईचा हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरताना बघून आतून घाबरलेलीही असावी. भिमी भांडी घासत होती. तिच्या पाठीमागेच सारिका आईला म्हणाली, “रोज रोज टाकी काढून घासायची गरजच काय होती? तारेच्या घासणीनं घासली असेल, नाहीतर साबण आत गेला असेल. ह्यांना मशीन हाताळायची सवय नसते, आई.”

सरस्वतीबाई काही बोलल्या नाहीत. भिमीनं भांडी पूर्ण केली, ओटा पुसला, हात पुसले, आणि येते म्हणून निघाली. रविवारी ती आली नाही. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. सारिका रविवारी संध्याकाळी पुण्याला परत गेली होती.

वाडीत नवसूनं तिला विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं नाही. पण काजल त्या वेळी घरी आलेली होती, तिला तिनं एवढंच सांगितलं की आपण जे काम सगळ्यात नीट करतो त्याच कामावर कुणी बोट ठेवलं तर तिथे परत पाय टाकवत नाही. काजल म्हणाली, मग जाऊ नकोस. भिमी म्हणाली, पण बाईंच्या गोळ्या कोण काढून देत असेल?

सरस्वतीबाई गोळ्या स्वतःच काढत होत्या. एकेका गोळीला पाच मिनिटं लागायची, दोन-तीन जमिनीवर पडायच्या. कॉफी नव्हतीच. सोमवारी त्यांनी रिक्षावाल्या साईनाथला फोन केला. साईनाथचं शहापूरच्या बाजारात मिक्सर, पंखे, पंप दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, आणि खर्डीच्या फेऱ्या तो स्वतःच्या रिक्षानं मारायचा. तो मशीन घेऊन गेला आणि मंगळवारी दुपारी परत घेऊन आला. सोबत कागदात बांधलेला एक चुरा होता, चुन्यासारखा पांढरा. पाणी तापतं त्या नळीत हा साठला होता, नळी जवळजवळ बंद झाली होती, असं त्यानं सांगितलं. बोअरच्या पाण्यातला क्षार. सरस्वतीबाईंनी विचारलं, टाकी घासल्यामुळे काही बिघडलं असेल का? साईनाथनं टाकी उजेडात धरली. तो म्हणाला, “बाई, माझ्याकडं येतात त्या मशिनींच्या टाक्यांना आतून शेवाळ असतं. ही तर आज खोक्यातून काढल्यासारखी हाय. जिनं ही सांभाळली तिला नावं ठेवू नका.”

त्यानं उपायही सांगितला. किराणा दुकानात लिंबाचं सत्त्व मिळतं. ते दोन चमचे टाकीभर पाण्यात विरघळवायचं, अर्धं पाणी मशीनमधून काढायचं, अर्धा तास थांबायचं, मग उरलेलं काढायचं. त्यानंतर साध्या पाण्याच्या दोन टाक्या सोडायच्या, म्हणजे आंबटपणा जातो. महिन्यातून एकदा हे केलं तर मशीन टिकेल. आणि पाणी बदलता आलं तर उत्तमच.

सरस्वतीबाई खुर्चीतून उठल्या. मग त्यांनी काठी घेतली आणि साईनाथला म्हणाल्या, रिक्षा वाडीपर्यंत जाते का? तो म्हणाला, विहिरीपर्यंत जाते, पुढे चालत. सहा वर्षांत त्या एकदाही वर गेल्या नव्हत्या.

विहिरीपाशी रिक्षा थांबली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. दहा-बारा बायका सावली बघून बसल्या होत्या, समोर हंड्यांची रांग. बोलणं चाललं होतं पण कुणी उठत नव्हतं, कारण उठून उपयोग नव्हता. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. एका वेळी एकीनं खाली उतरायचं, कपारीतून झिरपतं ते वाटीनं कळशीत भरायचं, कळशी दोरानं वर घ्यायची, मग तिथं पुन्हा पाणी जमेपर्यंत थांबायचं. त्या वेळी खाली भिमी होती.

सरस्वतीबाईंनी काठावर वाकून बघितलं. त्यांना फक्त भिमीची पाठ दिसली आणि वाटी कातळाला घासल्याचा आवाज आला. गोजर नावाच्या वयस्क बाईनं त्यांना बसायला दगड दिला आणि कुणाकडे आलात ते विचारलं. भिमीकडे, असं त्यांनी सांगितलं. गोजर म्हणाली, येईल आता, दोन कळशा ऱ्हायल्यात. त्या दोन कळशांना तास लागला. सरस्वतीबाई बायकांबरोबर बसून राहिल्या. त्यांचे हात थरथरत होते, तिकडे कुणी पाहिलं नाही, किंवा पाहून दुसरीकडे पाहिलं.

भिमी वर आली, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. सरस्वतीबाईंना बघून ती जागीच थांबली. सरस्वतीबाई काठीवर भार देऊन उठल्या आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात, वॉर्डात बोलायच्या तशा, म्हणाल्या, “भिमी, मशीन तुझ्यामुळे बिघडलं नाही. पाण्यामुळे बिघडलं. तू मला सुरुवातीलाच सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. आणि सारिका तुला बोलली तेव्हा मी गप्प बसले. ते माझं चुकलं.”

भिमीनं पदरानं हात पुसले. ती म्हणाली, “उन्हाच्या कशाला आलात, बाई.” मग तिनं नुकत्याच वर आलेल्या कळशीतून वाटीभर पाणी काढलं, फडक्यानं गाळलं आणि त्यांच्या पुढे धरलं. सरस्वतीबाईंचा हात वाटीपर्यंत येईना, तेव्हा तिनंच ती त्यांच्या ओठांना लावली. पाणी गार होतं आणि खरोखर गोड. त्या सगळं प्यायल्या. एवढ्या वाटीसाठी खाली किती वेळ जातो हे त्यांनी नुकतंच पाहिलं होतं, म्हणून एक थेंबही सांडू नये असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भिमी कामावर आली. साईनाथनं सांगितलेलं सत्त्वाचं काम दोघींनी मिळून केलं. मशीनमधून पाण्याबरोबर पांढरे कण बाहेर पडताना पाहून भिमी म्हणाली, आमच्या सासूच्या मुतखड्यावानी हाय हे. सरस्वतीबाई किती तरी दिवसांनी मोठ्यानं हसल्या. त्या दिवशी भिमीनंही आयुष्यात पहिल्यांदा कॉफी चाखली आणि करपलेल्या नाचणीसारखी लागते असं सांगून कप खाली ठेवला. तिचा गवती चहा बरा.

त्यानंतर चार दिवसांनी भिमीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि टाकीत ओतू लागली. सरस्वतीबाईंनी तिला थांबवलं. त्या विहिरीचं वाटीनं भरलेलं पाणी माझ्या कॉफीत नको, माझ्या घशाखाली उतरणार नाही, असं त्या म्हणाल्या. भिमीला राग आला. आपल्या वाट्याचं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही, असं तिनं सांगितलं. पण सरस्वतीबाई ऐकेनात. बाटली परत गेली. त्या आठवड्यात कॉफी बोअरच्या पाण्याचीच झाली आणि दोघी एकमेकींशी तुटक बोलत राहिल्या.

भिमी मात्र विचार करत होती. वाडीत एकदा बोअर मारली होती, ती कोरडी गेली. इथे बाईंच्या अंगणात बोअरला भरपूर पाणी, पण जड. वाडीत गोड पाणी, पण वाटीवाटीनं. आणि त्या वाटीवाटीनं भरलेल्या पाण्यातलं निम्मं तर गुरांना, भांड्यांना, अंघोळीला जातं. तिनं ही गोष्ट आधी वाडीत काढली. गोजर म्हणाली, पाणी काय भात आहे होय, अदलाबदल करायला? शिवाय त्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही. दुसरी म्हणाली, फेस नाही आला तर नाही आला, गाय काय साबण लावून पाणी पिते? दोन संध्याकाळ बोलणं चाललं. शेवटी सगळ्या कबूल झाल्या, गोजर सर्वांत शेवटी.

मग भिमी सरस्वतीबाईंच्या समोर येऊन बसली. सहा वर्षांत तिनं त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, एक सुट्टीसुद्धा नाही. ती म्हणाली, “तुमच्या बोअरचं पानी आमच्या ढोरांना चालंल, भांड्यांना चालंल. आमच्या हिरीचं तुमच्या मशिनीला चालंल. तुमी आमाला द्या, आमी तुमाला देतो. मी वाडीत इचारून आलेय. फुकट कुनालाच नको.”

सरस्वतीबाईंनी दोनच प्रश्न विचारले: रोज किती हंडे, आणि सकाळी किती वाजता. आठवड्याच्या आत साईनाथनं मागच्या कुंपणापाशी नळ काढून दिला. सकाळी सात ते आठ पंप चालायचा. वाडीच्या बायका आळीपाळीनं यायच्या, कुणाची पाळी ते भिमी ठरवायची. आणि रोज एक बाटली गोड पाणी खाली यायचं, कधी भिमीच्या पिशवीतून, कधी दुसऱ्या कुणाच्या. विहिरीवरची रांग संपली नाही. पण गुरांचं पाणी तिच्यातून वजा झालं, आणि चारला बसणाऱ्या बायका पाचच्या आत घरी जाऊ लागल्या.

शेजारच्या बंगल्यांतून कुरबुर झालीच. त्या बंगल्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी येऊन म्हणाले, आज तुम्ही नळ दिलात, उद्या आख्खी वाडी कुंपणात येईल. सरस्वतीबाई म्हणाल्या, “आख्खी वाडी म्हणजे तेरा घरं आहेत. सगळ्यांची नावं सांगू का?” आणि त्यांनी सांगायला सुरुवातही केली. सेक्रेटरी पाचव्या नावाला निघून गेले.

सारिका मे महिन्यात आली. तिला आईनं फोनवर सगळं सांगितलं होतं. ती भिमीला चुकलं म्हणाली नाही. तिच्या तोंडून ते शब्द आले नाहीत आणि भिमीनंही वाट पाहिली नाही. पण या वेळी तिनं मशीनच्या सफाईच्या पावडरीची पाकिटं आणली होती, ती आईजवळ न देता भिमीच्या हातात दिली आणि विचारलं, हे वापरायचं की तुमचं लिंबाचं सत्त्वच बरं पडतं? भिमीनं पाकीट उघडून वास घेतला. म्हणाली, सत्त्वच बरं, हे मग तुमच्या मशिनीला न्या. सारिकानं पाकिटं परत नेली. जाताना ती स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहून भिमी टाकी कशी चोळते ते बघत होती.

या सगळ्याला आता तीन पावसाळे झाले. भिमीचं नाव बंगल्यांत झालं आहे. कुणाचं मशीन अडलं, कुणाच्या टाकीला वास येऊ लागला, की तिला बोलावणं येतं. पहिलं बोलावणं सेक्रेटरींच्याच घरून आलं होतं. भिमीनं त्यांची टाकी काढली, पंधरा दिवसांचं पाणी आत होतं. ते ओतायच्या आधी तिनं घरमालकिणीला वास घ्यायला लावला. मग निघताना सांगितलं, मुंबईला जाताना टाकी रिकामी करून, झाकण उघडं टाकून जायचं. बंद टाकीत पाणी कुजतं. आता त्या रांगेतल्या पाच घरांत रविवारी संध्याकाळी टाक्या उपड्या घातलेल्या दिसतात.

सरस्वतीबाईंचा आजार वाढला आहे. चालताना पाऊल अडतं, बोलणं हळू झालं आहे, कप तर त्यांना धरता येतच नाही. बाहेर कुणासमोर खाणंपिणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. कुणी आलं की माझं झालंय म्हणायच्या. भिमीच्या हे लक्षात आलेलं होतं, पण त्यावर ती कधी बोलली नाही.

गेल्या पौषात भिमीनं सांगितलं की ती दोन दिवस म्हशाच्या जत्रेला जाणार आहे. माहेरचा देव, आणि कामाला लागल्यापासून जाणं झालं नव्हतं. सरस्वतीबाई म्हणाल्या, मला ती जत्रा बघायची होती, राहूनच गेलं. भिमी म्हणाली, मग चला. सारिकाला फोन करून विचारावं असं सरस्वतीबाईंच्या मनात आलं, पण भिमीनं तोवर साईनाथला जीपची व्यवस्था बघायला सांगितलंही होतं.

सकाळी लवकर निघून, शहापूर मागे टाकून, सापगाववरून, किन्हवलीच्या अंगानं त्या मुरबाडकडे गेल्या. म्हशाला पोचल्या तेव्हा बैलबाजार भरात होता. शिंगं रंगवलेले बैल, घोंगड्यांचे ढीग, धुळीत मिसळलेला मिठाईचा वास. भिमीनं सरस्वतीबाईंचा दंड घट्ट धरला आणि माणसांना बाजूला करत, कधी दरडावत, त्यांना देवळापर्यंत नेलं आणि परत आणलं. भिमीची बहीण प्रेमा तिथे सुपं आणि टोपल्या विकायला बसली होती. तिनं टोपल्या सरकवून जागा केली, तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला. आजूबाजूला गिऱ्हाइकं, ओळखीच्या बायका, पाड्यावरची माणसं.

प्रेमानं कपबशी पुढे केली. सरस्वतीबाई सवयीनं म्हणाल्या, माझं झालंय गो. भिमीनं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ती प्रेमाला या वर्षी बांबू कुठून आणला ते विचारत होती. विचारता विचारता तिनं कप घेतला, अर्धा चहा बशीत ओतला, एकदा फुंकर मारली आणि बशी सरस्वतीबाईंच्या ओठांशी धरली. तिची नजर बहिणीकडेच होती. प्रेमा सांगत होती की यंदा बांबू लांबून आणावा लागला, आणि भिमी हं हं म्हणत बशी थोडी थोडी तिरपी करत होती. गिऱ्हाइकांपैकी कुणी थांबून पाहिलं नाही. एक बाई सुपाला टिचकी मारून ते घट्ट विणलंय का बघत होती.

बशी रिकामी झाली. सरस्वतीबाईंनी पदरानं ओठ पुसायचा प्रयत्न केला, ते भिमीनं पुसून दिले.

“उरलाय का त्यात?” सरस्वतीबाईंनी विचारलं.

भिमीनं कपातला उरलेला चहा बशीत ओतला.